नव्या हृदयाचा ठोका कोण ठरवतं?

जुन्या पद्धतीने हृदयप्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा ईसीजी काढला, तर त्यात एक विलक्षण गोष्ट दिसू शकते. आपल्या सर्वांच्या ईसीजीत प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक बुटका उंचवटा असतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना, म्हणजे कर्णिकांना, आकुंचनाचा हुकूम मिळाल्याची ती खूण. या रुग्णाच्या आलेखात मात्र उंचवट्यांच्या दोन रांगा असतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. एक रांग मिनिटाला शंभराच्या आसपास चालते आणि तिच्या प्रत्येक उंचवट्यामागे खालच्या कप्प्यांचं, जवनिकांचं, उंच टोक येतं. दुसरी रांग त्याहून संथ असते आणि तिच्यामागे काहीच येत नाही.

पहिली रांग दात्याच्या हृदयाची. दुसरी रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाची. ते हृदय काढलं, पण कर्णिकांची मागची भिंत तेवढी शल्यविशारदाने जागेवर ठेवली होती, आणि त्या भिंतीत जन्मापासूनचं ठोक्यांचं केंद्र अजून जिवंत आहे. मेंदूकडून येणाऱ्या नसा शाबूत असल्यामुळे रुग्ण झोपला की ते मंदावतं, घाबरला की पळू लागतं. टाक्यांच्या रेषेपलीकडे मात्र त्याचा हुकूम पोहोचत नाही. रुग्ण जगतो तो दुसऱ्या केंद्राच्या भरवशावर. हे दुसरं केंद्र दात्याच्या छातीतून निघालं, बर्फात राहिलं, नव्या छातीत शिवलं गेलं आणि तिथे त्याला एकही नस जोडलेली नाही. त्याने काम नीट केलं नाही, तर नव्या हृदयालाही पेसमेकर लागतो.

पेसमेकरचा विषय निघाला की अशा रुग्णाच्या घरी धसका बसतो. ज्याच्यासाठी इतकं केलं ते हृदयही अधू निघालं, असा अर्थ नातेवाईक काढतात. हा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. पण पेसमेकर कधी लागला, यावर बरंच काही अवलंबून असतं.

ठोक्यांचं हे केंद्र म्हणजे सायनस नोड. लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ आणि त्यांचा तरुण विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फ्लॅकला ते पहिल्यांदा एका चिचुंदरीसारख्या प्राण्याच्या, मोलच्या, हृदयात दिसलं होतं. शरीराच्या वरच्या भागातून रक्त आणणारी महाशीर उजव्या कर्णिकेला जिथे मिळते, नेमकं तिथे ते असतं. पेशींचा एक छोटासा पट्टा, बाहेरून डोळ्यांना वेगळा दिसतही नाही. त्याला रक्त पुरवणारी बारीक धमनी साधारण साठ टक्के लोकांत उजव्या हृदयधमनीतून निघते, बाकीच्यांत बहुतेक डाव्या बाजूने येते. म्हणजे शल्यविशारदाची सुई जिथे चालायची असते तिथेच हे नाजूक केंद्र, आणि त्याच्या धमनीची वाट प्रत्येकात सारखी नाही.

आता टाक्यांकडे वळू. हृदयात सहा शिरा येतात. फुप्फुसांकडून चार, शरीराकडून दोन. त्या एकेक करून जोडायच्या तर वेळ फार जातो, आणि नव्या हृदयाला वेळ परवडत नाही. स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना १९६० साली यावर सुटसुटीत तोड दाखवली. रुग्णाच्या दोन्ही कर्णिकांच्या मागच्या भिंती, सहाही शिरांसकट, तशाच ठेवायच्या आणि दात्याच्या कर्णिका त्यांना काठाला काठ लावून शिवायच्या. मग उरतात फक्त दोन मोठ्या धमन्या. सगळं मिळून चार जोड. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावरचं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, ते या कल्पनेच्या आधारानेच. उजव्या कर्णिकेवरचा छेद सायनस नोडपासून दूर वळवण्याची सुधारणा बर्नार्ड यांच्या नावावर आहे. म्हणजे ठोक्यांच्या केंद्राला धक्का लागेल ही काळजी अगदी पहिल्या दिवसांपासून होती.

त्या काळात मुंबई या शर्यतीत मागे नव्हती, हे मराठी वाचकाने विसरू नये. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केप टाउननंतर तीन महिन्यांच्या आत, हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही असाच संपला आणि तिथे काम थांबलं. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा नव्हता, आणि शरीराने परकं हृदय नाकारू नये यासाठीची चांगली औषधं जगात कुणाकडेच नव्हती. बर्नार्ड यांचा पहिला रुग्णही १८ दिवसांत न्यूमोनियाने गेला. असा नकार रोखणारं सायक्लोस्पोरिन वापरात आलं १९८० नंतर, आणि आपला अवयव प्रत्यारोपण कायदा झाला १९९४ मध्ये. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. मुंबईत पुन्हा हृदय शिवलं गेलं ते थेट ऑगस्ट २०१५ मध्ये, मुलुंडला. ते पुण्यातून ग्रीन कॉरिडॉरने आणलं होतं.

चार जोडांची ही पद्धत सुमारे तीस वर्षं चालली. तिची किंमत हळूहळू लक्षात आली. दोन कर्णिका एकमेकींना शिवल्या की वरचा कप्पा बेढब मोठा होतो, झडपेवर ताण येतो, आणि टाक्यांची लांब रेषा सायनस नोडच्या आसपासच फिरते. म्हणून १९९० च्या दशकात दुसरी पद्धत रूढ झाली. रुग्णाची उजवी कर्णिका पूर्ण काढायची, दात्याची अखंड ठेवायची आणि वरची व खालची महाशीर स्वतंत्र जोडायची. एक जोड वाढतो, काही मिनिटं जास्त लागतात, पण नव्या हृदयाचं केंद्र न दुखावण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हिला बायकेव्हल पद्धत म्हणतात. पेसमेकरच्या गरजेत यामुळे मोठा फरक पडला. जुन्या पद्धतीच्या काळात काही केंद्रांत शंभरातल्या वीसहून अधिक रुग्णांना पेसमेकर बसवावा लागे. नव्या पद्धतीने हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच. कोणतंही नवं यंत्र नाही, औषध नाही. टाका कुठे घालायचा, एवढंच बदललं.

तरीही काही हृदयं मंद राहतातच. एक कारण काळ. दात्याच्या छातीतून निघाल्यापासून नव्या छातीत रक्त मिळेपर्यंत साधारण चार तासांची मर्यादा पाळली जाते. वाटेत थंडीत राहिलेल्या पेशींना इजा होते, आणि ती सायनस नोडलाही होते. पुण्याहून मुंबईला हृदय येताना पोलीस चौकामागून चौक मोकळे करतात, तेव्हा त्या मिनिटांचा हिशेब ठोक्यांच्या केंद्राशीही जोडलेला असतो. दाता वयाने मोठा असेल तर केंद्राची उभारी मुळातच कमी. आणखी एक कारण चटकन लक्षात येत नाही. प्रत्यारोपणाची वाट पाहणारे अनेक रुग्ण अमिओडॅरोन हे ठोके ताब्यात ठेवणारं औषध घेत असतात. ते शरीरातल्या चरबीत साठतं आणि आठवडे, कधी महिने, हळूहळू रक्तात उतरत राहतं. दात्याने त्याची एकही गोळी घेतलेली नसते, पण त्याचं हृदय नव्या शरीरात पोचल्यावर त्या साठ्याखाली दबतं.

आणि नसा. हृदय काढताना त्याच्या साऱ्या नसा तुटतात. आपल्या शरीरात व्हेगस ही नस हृदयाला सतत लगाम घालत असते. लगाम सुटला की निरोगी सायनस नोड आपल्या मूळ वेगाने धावतो, म्हणून प्रत्यारोपित हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं. हे बिघाडाचं लक्षण नाही, उलट केंद्र ठणठणीत असल्याची खूण आहे. याच्याच उलट, प्रत्यारोपणानंतर एखाद्याची नाडी साठ-सत्तरवर आली, तर इतरांच्या बाबतीत जी नाडी उत्तम म्हटली असती ती इथे थोडी संथच समजायची.

नसा तुटल्याचे परिणाम रुग्णाला रोज जाणवतात. जिना चढायला लागलं की आपलं हृदय पहिल्या काही पायऱ्यांतच वेग घेतं, कारण हुकूम नसांतून येतो. प्रत्यारोपित हृदयाला रक्तातून येणाऱ्या अॅड्रिनॅलिनची वाट पाहावी लागते. वेग मिनिटा-मिनिटाने वाढतो आणि चालणं थांबल्यावरही काही काळ चढत राहतो. म्हणून अशा रुग्णांना व्यायामापूर्वी पाच-दहा मिनिटं अंग सैलावायला सांगतात, आणि संपवतानाही एकदम थांबू नका म्हणतात. वर्ष-दोन वर्षांत काहींच्या हृदयात नसांचे धागे पुन्हा थोडे शिरतात, पण सर्वांच्या नाही, आणि पूर्णपणे तर नाहीच.

डॉक्टरांसाठीही हे हृदय वेगळं आहे. मंद नाडीवर अॅट्रोपिन देणं हे प्रत्येक तातडीच्या विभागातलं पाठ झालेलं काम. अॅट्रोपिन व्हेगसचा लगाम सैल करून वेग वाढवतं. इथे लगामच नाही, त्यामुळे ते लागू पडत नाही. इतकंच नव्हे, प्रत्यारोपित हृदयात त्याने कधी कधी ठोके अडून हृदय थांबल्याच्या नोंदी आहेत, म्हणून अमेरिकी मार्गदर्शक सूचना ते टाळायला सांगतात. आयसोप्रेनालिन चालतं, कारण ते थेट हृदयाच्या पेशींवर काम करतं. थिओफिलिन हे दम्याचं जुनं औषध काही रुग्णांत वेग इतका सावरतं की पेसमेकरची वेळ पुढे जाते किंवा टळते. अॅडिनोसिनबाबत उलटा सावधपणा हवा. नसा तुटलेलं हृदय त्याला जास्तच संवेदनशील असतं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच हृदयाच्या पृष्ठभागाला बारीक तारा लावून त्यांची टोकं छातीच्या त्वचेतून बाहेर काढलेली असतात. नाडी संथ असेल तर त्या तारा बाहेरच्या छोट्या पेसमेकरला जोडतात. या युक्तीचा उगम मिनेसोटा विद्यापीठात आहे. तिथे वॉल्टन लिलेहाय मुलांच्या हृदयातली छिद्रं बंद करत. काही मुलांत शस्त्रक्रियेच्या इजेने विद्युतमार्ग अडायचा, पण थोडे दिवस हृदय चालतं ठेवलं तर तो पुन्हा मोकळा व्हायचा. १९५७ मध्ये त्यांनी हृदयाच्या स्नायूत तार रोवून भिंतीवरच्या विजेवर चालणारं यंत्र जोडलं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला मिनियापोलिसची वीज गेली आणि या मुलांचा जीव विजेच्या तारेला टांगलेला असल्याचं सर्वांच्या लक्षात आलं. लिलेहाय यांनी यंत्रदुरुस्ती करणाऱ्या अर्ल बॅकन यांना गाठलं. काही आठवड्यांतच बॅकन यांनी बॅटरीवर चालणारा, अंगावर वागवता येणारा पेसमेकर तयार केला. शमवे आणि बर्नार्ड दोघेही याच मिनेसोटात शिकलेले. हृदय बदलण्याची कला आणि दुखावलेल्या हृदयाला तात्पुरता आधार देण्याची कला एकाच छपराखाली वाढली.

त्या मुलांनी शिकवलेला धडा प्रत्यारोपणातही लागू आहे. धीर धरा. सुरुवातीच्या दिवसांत मंद असलेली अनेक हृदयं दोन-तीन आठवड्यांत आपला वेग पकडतात. सूज उतरते, थंडीची इजा भरते, अमिओडॅरोन ओसरतं. म्हणून कायमचा पेसमेकर बसवण्याची घाई करू नये, यावर आता जवळजवळ एकमत आहे. किती थांबायचं यावर मतं वेगळी आहेत. कुणी तीन आठवडे म्हणतं, तर श्रमाच्या वेळी वेग न वाढणाऱ्या हृदयाबाबत युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२१ च्या सूचना सहा आठवड्यांपर्यंत जातात. लवकर बसवलेले कितीतरी पेसमेकर काही महिन्यांनी जवळपास रिकामे बसलेले आढळतात. यंत्र छातीत आहे, पण हृदयाला त्याची गरज उरलेली नाही. अर्थात वाट पाहण्यालाही खर्च आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात अडकतो, बाहेर आलेल्या तारा जंतूंना वाट देतात, आणि या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दडपलेली असते. नाडी चाळिशीत अडकली आहे, चक्कर येते आहे, सुधारणेचं चिन्ह नाही, अशा वेळी कॅलेंडरकडे बघत बसणंही योग्य नाही.

बसवायचं ठरलं तर तार कुठे लावायची, यात बारकावे आहेत. जुन्या पद्धतीने शिवलेल्या हृदयात तार चुकून रुग्णाच्या जुन्या कर्णिकेच्या भिंतीत रोवली, तर पेसमेकर इमानेइतबारे त्या मुक्या तुकड्याला चालवत राहील आणि नवं हृदय तसंच संथ राहील. टाक्यांची रेषा ओलांडून दात्याच्या भागातच तार पोचायला हवी. दुखावलेला फक्त सायनस नोड असेल आणि खालचा विद्युतमार्ग शाबूत असेल, तर कर्णिकेला चालवलं की पुरतं. जवनिकेतली अनावश्यक तार दीर्घकाळात हृदयाच्या ताकदीला बाधते. शिवाय प्रत्यारोपणानंतर शरीर हृदय नाकारत आहे का हे पाहण्यासाठी मानेच्या शिरेतून चिमटा उतरवून उजव्या जवनिकेतून वारंवार बायोप्सी घेतात. ही पद्धत स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप केव्हज यांनी बसवली. जिथे चिमटा फिरतो तिथे तार असली की ती हलण्याची भीती, आणि आधीच ताणलेल्या झडपेला आणखी एक अडथळा. शिवाय अनेक रुग्णांच्या छातीत पूर्वीच्या आजारी हृदयासाठी बसवलेल्या यंत्राच्या तारांचे तुकडे शिरांत राहून गेलेले असतात, त्यामुळे नवी तार नेण्याची वाटच अरुंद असते. जखमेत जंतू शिरले तर सगळं यंत्र काढावं लागतं. बिनतारी पेसमेकर २०१६ पासून अमेरिकेत मान्य झाले, पण ते जवनिकेत बसणारे होते आणि इथे गरज बहुधा कर्णिकेची. कर्णिकेत बसणारेही आता निघाले आहेत.

मग या रुग्णांचं पुढे काय होतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या पस्तीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण दहातल्या एकाला कायमचा पेसमेकर लागला होता, आणि ज्यांना तो लागला ते इतरांपेक्षा कमी जगले नव्हते, उलट थोडे जास्तच जगले. हा आकडा ऐकून पेसमेकर आयुष्य वाढवतो असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो काढू नये. पेसमेकर बसण्यासाठी रुग्णाला आधी त्या दिवसापर्यंत जगावं लागतं. पहिल्या काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावलेले सगळे आपोआप 'पेसमेकर नसलेल्या' गटात मोजले जातात, आणि तो गट जास्त अल्पायुषी दिसू लागतो. सांख्यिकीतली ही जुनी फसगत आहे. हा चकवा वजा केला तरी एक दिलासा शिल्लक राहतो. सुरुवातीच्या आठवड्यांत सायनस नोडच्या इजेमुळे बसवलेला पेसमेकर प्रत्यारोपणाचं भवितव्य बिघडवत नाही. प्रौढांमधल्या प्रत्यारोपणानंतरचं मध्यम आयुर्मान आज बारा वर्षांच्या पुढे आहे, आणि छातीत छोटं यंत्र असलेला रुग्णही त्या आशेचा पूर्ण हक्कदार आहे.

उशिरा मंदावलेल्या हृदयाची गोष्ट वेगळी, आणि इथे मला आवर्जून आवाज चढवायचा आहे. प्रत्यारोपणाला वर्ष, पाच वर्षं झाली, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अचानक नाडी पडली, चक्कर आली, किंवा वरच्या-खालच्या कप्प्यांमधला विद्युतमार्ग अडला. अशा वेळी पेसमेकर बसवून रुग्णाला घरी पाठवणं पुरेसं नाही. शरीर हृदय नाकारत असेल तर पहिली खूण कधी कधी हीच असते, आणि स्टेरॉइडचे मोठे डोस वेळेवर मिळाले तर ठोके पूर्ववत होऊ शकतात. दुसरी शक्यता प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्यांच्या खास आजाराची. त्यात धमन्या टोकापर्यंत सगळीकडून बारीक होत जातात. नसा तुटलेल्या असल्यामुळे बहुतेकांना छातीत कळ येत नाही. इतर माणसाला वेदना जो इशारा देते, तो इथे मंद नाडीच्या रूपात येऊ शकतो. म्हणून उशिरा पडलेल्या नाडीमागे बायोप्सी, इको आणि धमन्यांची तपासणी झालीच पाहिजे. पेसमेकर लागला तर तो बसवावा, पण कारण सापडेपर्यंत फाइल बंद करू नये. या गटातल्या रुग्णांचं भविष्य यंत्रापेक्षा त्यामागच्या आजारावर ठरतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत हृदयप्रत्यारोपण झालेलं कुणी असेल, तर दोन कामं आजच करा. त्यांच्या विश्रांतीतल्या नाडीचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि अधूनमधून मोजत राहा. शंभरावर चालणारी नाडी काही दिवसांत साठवर आली तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन करा. आणि त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर केंद्राचा फोन नंबर असू द्या, आणि ठळक अक्षरांत एक ओळ: हृदय प्रत्यारोपित आहे, अॅट्रोपिन देऊ नका.